१/७२ चेतक सासऱ्यांना द्यायचंय, डिटेलिंग कुठवर करू?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझे सासरे एअरफोर्समधून रिटायर झालेत. एअरफ्रेम फिटर होते आणि नोकरीतली बरीच वर्षं चेतक हेलिकॉप्टरवर गेली. गाव कोरेगाव तालुक्यात, आता साताऱ्यात घर. दिवाळीत त्यांना ७५ पूर्ण होतायत. मेव्हण्यांनी अंगठीचं ठरवलंय, साडू फोन देणार, मला काय सुचेना. शेवटी म्हटलं आपल्याला जे येतं ते करावं. लहानपणापासून प्लास्टिकची विमानं जोडतो, पण हेलिकॉप्टर कधी केलेलं नाही.

चेतक म्हणजे फ्रेंच अल्यूएट ३, आपल्या एचएएलनं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) साठच्या दशकापासून लायसन्सवर बनवलेलं. म्हणून हेलर कंपनीचं अल्यूएटचं १/७२ किट मागवलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. खऱ्याचा रोटर, म्हणजे वरचा पंखा, ११.०२ मीटर, म्हणजे मॉडेलचा १५३ मिमी, तळहाताएवढं होतंय. भाग सुटे करून बघितले आणि हातपाय गळाले. एक तर अख्खी केबिन काचेची, आत जे काय असेल नसेल ते सगळं दिसणार. रोटर हेड, म्हणजे पाती जिथं जोडतात ती मधली जागा, किटात नुसता तीन दांड्या असलेला एक गोळा, बाकी काही नाही. आणि इंजिन वर उघडंच, झाकायला पत्रा नाही.

इतर कुणाला द्यायचं असतं तर किट आहे तसं जोडून रंगवून दिलं असतं. पण या माणसानं ते मशीन हातानं उघडून परत जोडलंय. तर किती डिटेलिंग करू? हाताशी चार महिने आहेत, तेही रात्री दहानंतर.


फुकटचा_सल्ला

अंगठी द्या.


माईक_सतरा

वरच्या सल्ल्याकडे लक्ष देऊ नका :)

मी १/७२ मध्ये एमआय-१७ हे रशियन हेलिकॉप्टर केलंय त्यातून आलेलं शहाणपण सांगतो. आतल्या सैनिकांच्या सीटा, सीटांचे पट्टे, छताला जाणाऱ्या पायपा, जमिनीवरचे माल बांधायचे कडे, दीड महिना त्यात घातला. मग दोन्ही बाजू चिकटवल्या, आणि गोल खिडक्या केवढ्या तर शर्टाच्या बटणाएवढ्या. टॉर्च लावून डोळा टेकवला तर एका सीटचा कोपरा दिसतो. आत काय आहे ते मला माहीत आणि देवाला माहीत. तर जे झाकलं जाणार त्यात वेळ घालवू नका असं मी सगळ्यांना सांगतो.

पण चेतकला हा नियम उलटा लागतो. तिथं केबिन म्हणजे काचेचा गोळा, त्यामुळे नव्वद टक्के मेहनत केबिन आणि रोटर हेडला द्या, शेपटी दोन संध्याकाळींत उरकेल.


रिवेटमोजे

माईक_सतरा, तुमच्या त्या एमआय-१७ चा फोटो मागच्या वर्षी बघितलेला. टेल रोटर, म्हणजे शेपटीचा पंखा, उजव्या बाजूला होता. उजवीकडे एमआय-८ ला असतो, १७ ला डावीकडे. तेव्हा बोललो नाही, आता विषय निघाला म्हणून.


माईक_सतरा

झालं. दीड महिना सीटांचे पट्टे लावले आणि पंखा उलट्या बाजूला. कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवतो आता.


फुकटचा_सल्ला

हसून हसून पुरेवाट. भिंतीकडे तोंड केलंत तर शेपूट लोकांकडे येतंय की ओ.


सातारी_पेढा

कृष्णाकाठचा दादा, लय भारी विषय काढलात. आमच्या साताऱ्यात घराआड एक फौजी. अपशिंगे मिलिटरी गाव तर सगळ्यांना ठाऊकच आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली. सैनिक स्कूल बी आपलंच, १९६१ चं, देशातलं पहिलं. तर इथं माजी सैनिकाला खेळण्यातलं हेलिकॉप्टर देऊन फसवता येत नाही बरं का. आमच्या चुलत्यांना मी रणगाडा करून दिलेला. बघितला, हातात घेतला, आणि पहिलं वाक्य काय, "ट्रॅक एवढा ताणलेला नसतो रे." ना बरं म्हटलं ना वाईट. पण गेली आठ वर्षं तो त्यांच्या टीव्हीवर आहे आणि पुसायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

म्हणून सांगतो, चुका काढतील, काढू द्या.


शंकासुर

एक प्रामाणिक प्रश्न, राग नको. किट, रंग, एअरब्रश, कॉम्प्रेसर, सगळं मिळून किती हजार गेले? त्या पैशात सासऱ्यांना घेऊन नाशिकला नाहीतर बंगळूरला जाऊन खरं हेलिकॉप्टर बघून आला असता. प्लास्टिकमध्ये एवढा जीव कशाला?


कृष्णाकाठचा

@शंकासुर, राग कसला. कॉम्प्रेसर दहा वर्षांपूर्वीचा आहे, तो पैसा वसूल झालाय. आणि खरं हेलिकॉप्टर त्यांनी इतकं बघितलंय की मी तिकडे नेलं तर तेच मला फिरवून दाखवतील.

@माईक_सतरा, पटलं. केबिन आणि रोटर हेड.


अश्विनी_वि

मी मॉडेल करत नाही, मॉडेल करणाऱ्याशी लग्न केलंय. माझा अनुभव एवढाच की "चार महिने आहेत" म्हणजे शेवटच्या आठवड्यात घरात थिनरचा वास आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र. १/३५ स्केलच्या वाटेला जाऊ नका. आमच्याकडे एमआय-१७ चं १/३५ किट आलंय, पंखा लावला की ६० सेंटिमीटर होतो. शोकेस बदलायची चर्चा चालू आहे. चर्चा म्हणजे भांडण.


मिरजेची_तार

धागा आजच दिसला. रोटर हेडबद्दल लिहिते, कारण अल्यूएट घराण्यात तिथं एक खास गोष्ट आहे जी किटात नसते.

तीन पाती मुळाशी हबला (मधल्या गोळ्याला) बिजागरीनं जोडलेली असतात, आणि एका पात्याच्या मुळापासून दुसऱ्याच्या मुळापर्यंत बारीक केबल असते. तीन पाती, तीन केबल, वरून बघितलं तर हबभोवती त्रिकोण दिसतो. पाती फिरताना आपसातलं अंतर राखून राहावीत म्हणून. हा त्रिकोण दिसला की मॉडेल खेळणं वाटत नाही, एवढ्या एका गोष्टीनं फरक पडतो. शिवाय हबच्या खाली स्वॉशप्लेट नावाची तबकडी आणि तिच्यातून प्रत्येक पात्याकडे जाणारी उभी काडी. पायलटनं दांडा हलवला की ती तबकडी कलते किंवा वरखाली होते आणि काड्या पात्यांचा कोन बदलतात. किटात सगळं मिळून एक जाड खांब असतो. तो कापून टाका, मध्ये सुईची नळी घाला. मिरज दवाखान्यांचं गाव आहे, सुयांना तोटा नाही. (नव्या, न वापरलेल्या, दुकानातून. उगाच कुणी काही करू नका.) २६ नंबरची सुई बाहेरून ०.४६ मिमी भरते. इन्सुलिनची ३१ नंबरची ०.२६, ती काड्यांना बरोबर बसते.

केबलला मी सतारीची तार वापरते. माझं माहेर सतारमेकर गल्लीच्या मागे, तारेची भेंडोळी लहानपणापासून बघितलीत. तरफेची, म्हणजे मुख्य तारांखालची बारीक पोलादी तार घ्या, ताठ राहते, लोंबत नाही.


रिवेटमोजे

ताई, बाकी सगळं मान्य, पण तरफेची तार ०.२३ मिमी धरली तर गुणिले ७२ म्हणजे साडेसोळा मिमी. एवढ्या जाड दोरानं हेलिकॉप्टर ओढून नेतील, पात्यांमध्ये कोण लावेल?


मिरजेची_तार

हिशोब बरोबर आहे. पण एक हात लांबून बघणाऱ्या डोळ्याला ०.२ आणि ०.१ मधला फरक कळत नाही, सरळ आहे की लोंबतंय ते लगेच कळतं. मी दिसण्याला मार्क देते, गुणाकाराला नाही.


रिवेटमोजे

सासरे एक हात लांबून बघणार नाहीत. ते चष्मा कपाळावर सरकवून नाकाला लावून बघतील.


कुपवाड_लेथ

यावर तोडगा: केस. माणसाचा केस ०.०७ मिमी धरा, गुणिले ७२ म्हणजे ५ मिमी. स्केलला एकदम चोख बसतो, आणि दोन टोकांना सुपरग्लूचा ठिपका देऊन ताणला की सरळ राहतो. आणि पांढरा असेल तर रंगवायची पण गरज नाही, स्टीलची केबलच वाटते.


फुकटचा_सल्ला

सासऱ्यांच्या हेलिकॉप्टरला त्यांच्याच मुलीचा केस. काय राव, डोळ्यात पाणी आलं.


कृष्णाकाठचा

मुलीच्या बापाच्या डोळ्यात येईल तेव्हा येईल. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन "एक पांढरा केस दे गं" म्हटलं, तर "मला कुठे पांढरे केस आहेत?" हे उत्तर मिळालं आणि रात्रीचं जेवण मी वाढून घेतलं.


अश्विनी_वि

वाक्यात "पांढरा" घालायची काय गरज होती?


पंचगंगेपल्याड

अवांतर आहे पण चेतकचा विषय आहे म्हणून राहवत नाही. कुणाला वेगळं चेतक करायचं असेल तर किलो फ्लाइटचं करा. १९७१ मध्ये आपण बांगलादेशी वैमानिकांना मशिनं दिली, २८ सप्टेंबरला दिमापूरला युनिट उभं राहिलं, ऑटर नि डकोटा ही दोन विमानं आणि एक अल्यूएट. त्या अल्यूएटला बाजूला पायलन (रॉकेटं टांगायचे आधार) लावून १४ रॉकेटं बसवली, .३०३ च्या ब्राउनिंग मशिनगन लावल्या आणि खालून गोळी येऊ नये म्हणून केबिनच्या तळाला इंचभर जाडीचा पोलादी पत्रा वेल्ड केला. ३ डिसेंबरच्या रात्री त्यानं नारायणगंजजवळच्या गोदनाईलच्या तेलसाठ्यावर हल्ला केला. माणसं नि पेशंट ने-आण करायच्या हेलिकॉप्टरला गॅरेजमध्ये बदल करून लढाईला पाठवलं अशातला प्रकार. डिटेलिंग करणाऱ्याला याहून काय पाहिजे.


सातारी_पेढा

इंचभर पत्रा! मग उडालं कसं?


पंचगंगेपल्याड

एवढं वजन चढवूनही उडालं आणि रॉकेटं मारून परत आलं, हेच तर त्या मशीनचं. त्याच घराण्यातलं लामा, म्हणजे आपलं चीता. २१ जून १९७२ ला एका फ्रेंच पायलटनं ते १२,४४२ मीटरवर नेलं. वर इंजिन बंद पडलं, तर नुसत्या वाऱ्यावर पंखा फिरवत खाली आणलं. सियाचेनला आपली चीता उगीच नाही एवढी वर्षं चालली.


मिरजेची_तार

चीताचं नाव निघालं म्हणून. चेतकची शेपटी पत्र्यानं मढवलेली आहे, म्हणून तुमचं काम सोपं. चीताची शेपटी उघड्या नळ्यांची, मंडपाच्या कैचीसारखी. १/७२ मध्ये प्लास्टिकची कैची काडेपेटीतल्या काड्यांइतकी जाड येते, बघवत नाही. मी ती काढून टाकली आणि पितळी तारेची केली. सतारीच्या जोडाची २८ गेजची तार, ०.३७ मिमी, म्हणजे खऱ्या मापात २७ मिमीची नळी.

कसं केलं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. शेपटीच्या एका बाजूचं चित्र मापात छापून फरशीच्या तुकड्यावर चिकटवलं. त्यावर लांब तारा मास्किंग टेपनं दाबून बसवल्या, आडव्या-तिरक्या तुकड्यांची टोकं कानशीनं तिरपी घासून मध्ये ठेवली आणि प्रत्येक सांध्याला फ्लक्सचा ठिपका देऊन सोल्डरिंग गनच्या टोकानं नुसता स्पर्श केला. खरी गंमत पुढे. नवा सांधा तापवला की शेजारचा सुटतो. पहिल्या रात्री सात सांधे जोडले आणि सकाळी मोजले तर चार. मग वडिलांच्या कारागिरानं सांगितलं, शेजारच्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेव, उष्णता तिथंच थांबते. तेवढ्या एका बोळ्यानं काम झालं. पोलादी तार घेऊ नका, तिला साधा फ्लक्स धरत नाही, सोल्डर पाऱ्यासारखं घरंगळतं.

दोन बाजू झाल्या, उभ्या केल्या, वरची तार टाकली. हातात घेतली तेव्हा वजन काहीच नाही, आणि बोटानं टिचकी मारली तर चक्क वाजली. वडील म्हणाले, बेसूर आहे.


माईक_सतरा

ताई, दंडवत. वाचनखूण साठवली.


कुपवाड_लेथ

+१. "बेसूर आहे" ला वेगळे मार्क.


नवशिक्या_सांगली

मला एक बेसिक प्रश्न विचारायचाय, हसू नका. काच चिकटवल्यावर आतून पांढरी धुरकट झाली. पुसता येत नाही कारण आतून आहे. काय चुकलं?


कुपवाड_लेथ

सुपरग्लू वापरलात ना? त्याची वाफ बंद जागेत कोंडते आणि काचेवर पांढरी बसते. काचेला फेविकॉल लावा, पांढरा दिसला तरी वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि चुकलं तर ओल्या कापसानं निघतो. मॉडेलचा पातळ सिमेंटही काचेला नको, प्लास्टिक विरघळवतो, कडेला ओघळ गेला की संपलं.

कृष्णाकाठचा, तुमच्यासाठी अजून एक. काचा लावायच्या आधी तीन चाकांवर ठेवून बघा, शेपटीवर बसतंय का. बसत असेल तर नाकात वजन घालायला चेतकमध्ये जागाच नाही, सगळं काचेतून दिसतं. सीटच्या बाकाखाली गळाचं शिसं ठोकून पातळ करून बसवा. घाटावर मासे पकडणारी पोरं देतात दोन रुपयांना.


शंकासुर

एक हेलिकॉप्टर करायला सुई दवाखान्यातली, तार सतारीची, शिसं गळाचं आणि केस बायकोचा. किटात नक्की काय होतं मग?


फुकटचा_सल्ला

बॉक्स.


कृष्णाकाठचा

अपडेट देतो, तीन आठवडे गायब होतो.

केबिन झाली. पायलटसमोरचं पॅनल काळं रंगवून डायल टाचणीनं ओरखडून पांढरे काढले. सीटबेल्ट मास्किंग टेपचे, बकल मलमाच्या ट्यूबच्या पत्र्याचं. खालचे पायडल तारेचे. आता रंगावर गाडी अडली. सासऱ्यांच्या अल्बममध्ये त्यांचं मशीन आहे, समोर सात जण उभे, पण फोटो ब्लॅक अँड व्हाइट. नेटवर चेतकचे दहा रंग दिसतात, नेव्हीचं वेगळं, कोस्ट गार्डचं वेगळं. सरप्राइज आहे म्हणून सरळ विचारता येत नाही.

मागच्या रविवारी साताऱ्याला गेलेलो तेव्हा चहा पिताना सहज विचारल्यासारखं केलं, "तुमच्या वेळी हेलिकॉप्टरं हिरवीच असायची का हो, अप्पा?" तर कप खाली ठेवून म्हणाले, "हिरवी नव्हे. वाळलेला कढीलिंब बघितलायस का? तसली." मग सासूबाईंनी डब्यातून खरोखर वाळलेला कढीलिंब काढून दिला. तो खिशात घालून सांगलीला आणलाय, आता त्याच्यावर रंग मिसळतोय.

फोटो टाकलेत, रोटर अजून चिकटवलेला नाही, नुसता ठेवलाय.


रिवेटमोजे

केबिन सुंदर. पाती उलटी आहेत.

अल्यूएटचा पंखा वरून बघितलं की घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो, फ्रेंच आणि रशियन बहुतेक तसेच, अमेरिकन उलटे. पात्याची जाड गोल कड फिरण्याच्या दिशेनं पुढे पाहिजे, पातळ कड मागे. तुमच्या फोटोत पातळ कड पुढे आहे. असं उडवलं तर ते सासऱ्यांच्या अंगावर येईल.

आणि पाती एकदम सपाट आहेत. उभ्या मशीनची पाती स्वतःच्या वजनानं टोकाला झुकतात. गरम पाण्यात धरून बोटानं हलका बाक द्या, तिन्ही सारखी.


कृष्णाकाठचा

देवा. बरं झालं चिकटवलं नव्हतं. धन्स मालक, तुमच्या आयडीला जागलात.


माईक_सतरा

रिवेटमोजे यांनी हे माझं मॉडेल व्हायच्या आधी सांगितलं असतं तर.


हळदगल्ली

एअरफोर्सच्या तिरंगी गोलाच्या डेकलबद्दल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) कुणी बोललं नाही म्हणून. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. घरी इंकजेटवर छापणार असाल तर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, पारदर्शक डेकल कागदावर छापलं तर पांढऱ्या वर्तुळातून कढीलिंब दिसेल. पांढरा कागद घ्या आणि कडेनं अगदी बारकाईनं कापा, किंवा खाली आधी पांढरा ठिपका रंगवा. छापल्यावर वरून क्लिअर मारा, नाहीतर पाण्यात घातल्याबरोबर शाई सुटते. आणि डेकलच्या आधी मॉडेलला चकचकीत क्लिअर कोट हवाच, खरखरीत मॅटवर लावलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी चट्टे दिसतात.

आणखी एक, हे अनुभवाचे बोल. पावसाळ्यात लॅकर क्लिअर मारू नका. हवेतल्या ओलाव्यानं दुधासारखा पांढरा पडतो. मी ऑगस्टमध्ये मारला, पांढरा पडला. सप्टेंबरात परत मारला, या खेपेला खिडकी उघडी ठेवली. आमच्या मागे हळदीचं गोडाऊन. सकाळी मिग-२१ पिवळं.


फुकटचा_सल्ला

हळद लागली म्हणजे लग्न ठरलं मिगचं.


सातारी_पेढा

कुणाशी? माईक_सतरांच्या भिंतीकडे तोंड केलेल्याशी?


अश्विनी_वि

ऑफिसमध्ये वाचतेय, हसू आवरेना, बॉस बघतोय.


कृष्णाकाठचा

मंडळी, मोठा घोळ झाला.

अप्पा न सांगता सांगलीला आले. कुणाच्या तरी लग्नाला मिरजेला आलेले, तिथून थेट घरी. मी बँकेत. मॉडेल टेबलावर उघडं, शेजारी कढीलिंब. संध्याकाळी घरी आलो तर ते माझ्या खुर्चीत, माझा भिंगवाला चष्मा लावून, हात मागे बांधून बघत बसलेले. हात मागे बांधून, हे महत्त्वाचं. बायको म्हणाली, दोन तास झाले, चहा गार झाला.

मला वाटलं आता चुका येणार. म्हणाले, "बांधलं का नाही?" मला कळेना. तर म्हणे मशीन उभं असलं की पाती बांधतात, वाऱ्यानं हलू नयेत म्हणून. आणि चाकाला ठोकळे कुठायत? आणि इंजिनाला कव्हर? मी म्हटलं, अप्पा, कव्हर घातलं तर इंजिन दिसणार नाही, मी त्याच्यावर तीन आठवडे घालवलेत. तर म्हणाले, "दिवसभर मशीन आमच्याकडे उभं असायचं. उडायचं तेव्हा पायलटचं."

मग उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं, मॉडेलला न लावता, केबिनच्या मागं जिथून वर इंजिनाकडे चढतात तिथं धरलं. "हिथं रंग नसायचा. पाय पडून पडून घासलेला असायचा." आणि स्वतःचा डावा पाय जरासा उचलला, बसल्या जागी.

रोटरच्या तारा बघितल्या. विचारलं कशाच्या केल्यास? मी सांगायच्या आत आतून आवाज आला, "आईचा केस आहे." दसऱ्याला साताऱ्याहून येताना तिनं सासूबाईंच्या कंगव्यातून काढून आणला होता, मला फक्त पुडी दिली, कुणाचा ते सांगितलं नव्हतं. अप्पा काही बोलले नाहीत. भिंग लावून परत बघितलं.

तर आता मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालंय, पण काम वाढलंय. दिवाळीला बारा दिवस. ठोकळे काडेपेटीच्या काड्यांचे करतोय, पाय पडायच्या जागी चंदेरी पेन्सिल घासली, जमलं. कापडी कव्हर कशाचं करू? खरं कापड स्केलला जाड गोधडी वाटतं. आणि पाती बांधायचे पट्टे?


मिरजेची_तार

टिश्यू पेपरचा एक पदर सोडवून घ्या, फेविकॉलमध्ये पाणी घालून त्यात भिजवा, इंजिनावर टाका आणि ओल्या ब्रशनं सुरकुत्या बसवा. वाळला की कडक होतो. लाल रंगवा. पण आधी इंजिनाला तेलाचा हात लावा, म्हणजे चिकटणार नाही आणि अप्पा गेले की काढता येईल, तुमचे तीन आठवडे वाया जायला नकोत.


रिवेटमोजे

पट्ट्याला मास्किंग टेपची पाऊण मिमीची फीत. टोकाला गाठ दाखवा. झुकलेल्या पात्याला बांधल्यावर ते अजून थोडं खाली येतं, तेवढा बाक वाढवा. आणि फोटो टाका.


कृष्णाकाठचा

टाकतो उद्या. आत्ता लाईट गेलीय, टॉर्चच्या उजेडात ठोकळे कापतोय, चार हवेत, तीन झालेत, चौथा फरशीवर कुठं उडाला सापडत नाही.